राहून गेलेलं पाणी

“आन तरी पोरगा नाई वाकला, तं मंग काय करावं माणसानं?”

दौलतराव खासबागे यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. मठातली भिवरामाय वांग्याच्या वाफ्यात तांब्या-तांब्यानं पाणी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“माय, मी तुले विचारून राह्यलो.”

“ऐकून राह्यली मी.”

आणि पुन्हा बादलीत तांब्या बुडाला.

 समोर कुणी झाडाला पाणी घालत असताना गप्प राहणं दौलतरावांना जन्मात जमलं नव्हतं.

“इतक्या सकाळी काहून पाणी देऊन राह्यली? ऊन तं येऊ दे अंगावर. हिवाळ्यात ओली माती गारठली का मुळं आखडतात. दहा वाजल्याबिगर पाण्याले हात लावू नये.”

“बरं,” माय म्हणाली. तिनं तांब्या बादलीत ठेवला, बादली बाजूला सारली आणि वाफ्याच्या कडेला मातीतच बसली.

आपलं सांगणं असं कुणी झटकन ऐकलं की माणसाला बरं वाटतं. दौलतरावांना जरा जास्तच वाटायचं. हिवरखेड्याच्या पंचक्रोशीत संत्र्यातला त्यांच्याएवढा जाणता दुसरा नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणायचे थांबले की ते स्वतः म्हणत.

संत्र्याचं सगळंच उफराटं असतं. दुसरी झाडं पाणी दिलं की फुलतात, संत्र्याचं पाणी ऐन हिवाळ्यात तोडावं लागतं. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानांची चकाकी जाते, पानं मुडपतात, थोडी गळतात. मग पाणी सोडलं की फांदी न् फांदी पांढऱ्या फुलांनी भरून येते. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर झाड वाळतं. तो नेमका कोणत्या दिवशी फोडायचा, हे विचारायला दहा गावांची माणसं दौलतरावांच्या ओसरीवर येत.

आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्याच बागेत घोळ झाला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते चार दिवस अमरावतीला होते. मागं बाग हर्षलकडे, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाकडे होती. सव्वीस वर्षांचा पोरगा, कामाला वाघ, पण मनानं हळवा. ताणाचा तेविसावा दिवस होता. मुडपलेली पानं पाहून त्याचा धीर सुटला. झाडं मरतील असं त्याला वाटलं. रात्रीची वीज येताच त्यानं पंप सुरू केला आणि तीनशे झाडांना पोटभर पाणी पाजलं. बाग आठवड्यात हिरवीगार झाली. फूल मात्र औषधालाही आलं नाही. वर्षाचा बहार गेला.

पोरानं काही लपवलं नाही. बाप डोळ्यावर पट्टी बांधून घरी आला, तेव्हा दारातच सांगितलं, “बाबा, बागेले मी पाणी देलं.”

दौलतराव त्यावर काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. एका छपराखाली राहून, एका चुलीवरचं खाऊन बापलेकांत शब्द नव्हता. काही सांगायचंच झालं, तर ते बायकोकडं पाहून म्हणायचे, “त्याले सांगजो, मोटर बंद कर म्हणा.” पोरगा तिथंच समोर उभा असायचा.

आज हर्षल पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरीला निघाला होता. एकची गाडी होती. बॅग कालपासून दाराशी भरून ठेवलेली. सकाळी शोभाबाईंनी नवऱ्यासाठी चहा आणला, पण कप त्यांच्या हातात दिलाच नाही. तसाच धरून म्हणाल्या, “माह्यं नका ऐकू. वर्षभर नाई ऐकलं. पण आज मठात जाऊन भिवरामायले तरी विचारून या. मंग जे करायचं ते करा.”

म्हणून ते आले होते. आता खरं सांगायचं तर ते विचारायला आले नव्हते. ‘तुह्यं बरोबर हाय’ एवढं मायकडून वदवून घ्यायचं आणि ते घरी जाऊन ऐकवायचं, असा बेत होता.

भिवरामाय काही गादीवरची महंत नव्हती. विसाव्या वर्षी नवरा गेला, तशी नदीकाठच्या या मठात पाणी भरायला आली आणि राहिली. जुने महाराज गेल्यावर लोक आपलं दुखणं तिच्याकडं आणू लागले. ती ऐकून घ्यायची. प्रवचन तिला येत नव्हतं. तिच्याकडं उपदेश मागायला गेलेला माणूस बहुधा तासभर निंदण करून परत यायचा.

“किती दिवस झाले?” मायनं विचारलं.

“कायले?”

“पोराशी बोलून.”

“झालं असंन... वर्षाच्या वर. मोजलं नाई.”

“आन यंदाच्या ताणाले?”

“एक्केचाळीस दिवस,” दौलतराव ताडकन म्हणाले. “सोमवारी फोडतो. साडेदहा वाजता.”

हे सांगताना त्यांना काही वावगं वाटलं नाही.

माय मातीतला एक खडा बोटानं फोडत राहिली.

“पोराचंही तेच हाय, माय. रागावलो असतो, दोन थपडा मारल्या असत्या, तं सांजेपर्यंत विसरून गेला असता. म्हून बोलणंच तोडलं. ताण बसला का अक्कल येते. आता पुण्याले चालला, जाऊ दे. तिकडं चार महिने हातानं भाकर थापली का बरोबर येईन. येईन आन ‘चुकलो’ म्हणीन. मले तेवढा एकच शब्द पाह्यजे.”

“हं...”

“बरोबर हाय ना?”

“तू आलाच हाय, तं माह्यं एक झाड पाह्य,” माय म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

मठाच्या मागच्या कुंपणाशी एक संत्र्याचं झाड होतं. विहिरीपासून वीसेक पावलांवर, एकटंच. दौलतराव लांबूनच थबकले. मग भराभर पुढं झाले. धोतर सावरून खाली बसले, बोट मातीत खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंतही गेलं नाही. एक पान हातात घेतलं, ते चुरलं गेलं. शेंड्याची काडी वाकवली, ती काटकन मोडली. त्यांनी बुंध्याजवळची साल नखानं खरवडून पाहिली. आत पुसटसं हिरवं होतं.

“माय, हे काय करून ठेवलं?”

“काय झालं?”

“याचं पाणी कधी तोडलं?”

“ध्यानात नाई.”

“ध्यानात नाई?” दौलतरावांचा आवाज चढला. “दिवाळीच्या आधी का मागून?”

“पाऊस गेला तवाच तोडलं. तीन वर्सं झाले, एक फळ देलं नाई यानं. मले राग आला.”

“झाडाचा?”

“हाव.”

“मंग?”

“मंग राग गेला... पाणी तेवढं राहून गेलं.”

हे ती इतक्या सरळपणानं म्हणाली की दौलतराव तिच्याकडं पाहतच राहिले. मठात यायच्या आधी या बाईबद्दल त्यांच्या मनात जो काही आदर होता, तो आत्ता त्या झाडापायी पातळ झाला.

“तुह्या पाया पडतो, माय, पण याले ताण म्हणू नको. असा रागानं ताण देत असतात काय कोणी? मुकं झाड ते! पाणी तोडतो त्या दिवशीच सोडायचा दिवस मनात धरा लागते. आन तोडलं म्हणजे घरी जाऊन निजायचं नसते. मी रोज दोन खेपा जातो बागेत. पान हातात घेऊन पाह्यतो. पाणी चालू असलं तं एखाद दिवस नाई गेलं तरी चालते. तोडल्यावर मातर रोज जा लागते. ज्याले रोज जाऊन पाहणं जमत नाई, त्यानं पाणी तोडूच नये!”

मायनं मान हलवली. शाळेतलं शहाणं पोर हलवतं तशी.

दौलतराव दम घ्यायला थांबले...

आणि बोलून झाल्यावर त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं. दुसऱ्या कुणी असं तोंडावर म्हटलं असतं, तर ते त्याच्याशी कचाकचा भांडले असते. आता भांडावं कुणाशी? त्यांनी मातीचं बोट धोतराला पुसलं. ते पुसून झालं तरी पुसत राहिले.

“पोराचं येगळं हाय,” ते म्हणाले.

मायनं आत्ता पोराचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

“येगळंच हाय, माय. झाडाले तोंड नसते. त्याले हाय ना! पंधरा पावलांवर माही खाट असते. येऊन एक शब्द बोलला असता, तं मी काय नाई म्हणलं असतं? मी तं तयारच हाय. वर्षभर तयार हाय. त्यानं यावं.”

“तयार हाय तू?”

“हाव, तयारच हाय.”

“बरं,” माय म्हणाली.

ती विहिरीवर गेली. दोर सोडला, बादली वर ओढली. तिचं वय पाहता दौलतराव हात द्यायला निघाले, पण तोवर बादली काठावर आली होती. मायनं ती नीट टेकवली, सांडलेलं पाणी पदरानं पुसलं आणि बादलीशेजारी काठावर बसली. दोन्ही हात मांडीत घेतले. डोळे झाडाकडं.

दमली असेल, असं दौलतरावांना वाटलं. त्यांनी थोडी वाट पाहिली.

माय बसूनच होती.

“माय, पाणी?”

“काढलं ना.”

“मंग घाल ना त्याले.”

“पाणी तयार हाय. येऊ दे त्याले.”

“कोणाले?”

मायनं हनुवटीनं झाड दाखवलं.

दौलतराव हसले. पण मायच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती खरंच वाट पाहत होती. गाडीची वाट पाहणारी माणसं फाट्यावर बसतात, तशी.

“झाड कसं येईन, माय?”

“आपल्या पायानं.”

“त्याले पाय असतात काय?”

“मले काय ठाव? मी तं बाप्पा इथं तयार बसली हाय.”

“माय, थट्टा नको करू. त्याचा जीव चालला तिकडं.”

“येईन तं पाजीन. मी नाई म्हणून राह्यली काय?”

...

ऊन चढलं. वाफ्यातलं दव सुकलं. एक कावळा विहिरीच्या काठावर उतरला, बादलीत चोच घालून दोन घोट प्याला आणि उडून गेला. कुंपणाशी संत्र्याचं एक पान गळलं.

दौलतरावांनीही हट्टानं बसून घेतलं. बाई आपली परीक्षा पाहतेय, तर पाहू दे, आपणही काही कच्च्या गुरूचे चेले नाही. अर्धा तास गेला, तास होत आला. आणखी एक पान गळलं. रिकाम्या बसलेल्या माणसाला नको ते आठवतं, तसं त्यांना आठवलं.

वैशाखात एका दुपारी ते खाटेवर पडले होते. डोळे मिटलेले, पण जागे. हर्षल येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. पोराच्या पायांची चाहूल बापाला कळणार नाही तर कुणाला कळणार? बराच वेळ उभा होता. मग त्यानं घसा खाकरला, “बाबा...” एवढं म्हणाला. आणि दौलतरावांनी भिंतीकडं कूस केली. पावलं थोडा वेळ तिथंच होती, मग गेली.

हे त्यांनी शोभाबाईंना कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही त्याची आठवण करून दिली नव्हती.  त्यांना लाज वाटली, फार वाटली, आणि म्हातारीसमोर तोंड लपवायला जागा नव्हती.

तिसरं पान गळलं.

“जळो ते!” म्हणत दौलतराव उठले. त्यांनी बादली उचलली आणि वीस पावलं जवळजवळ धावतच गेले. अर्धं पाणी धोतरावर सांडलं. पण झाडापाशी पोचल्यावर हात आपोआप सावकाश झाले, कारण ते हात जाणत्याचे होते. बुंध्यावर थेंब पडू न देता, फांद्यांच्या टोकांखाली, गोल फिरत त्यांनी पाणी धारेनं सोडलं. कोरडी माती फसफसली. तळाशी थोडं उरलं तेव्हा ते थांबले.

“बस?” माय मागं येऊन उभी होती.

“बस. इतक्या सुकलेल्याले एकदम ढसाढसा पाजलं, तं राह्यलेली पानंही टाकून देते. आज जीभ ओली केली. आठ दिवसांनी भरून देजो.”

“जगंन?”

दौलतराव झाडाकडं पाहत राहिले. लोकांना ते अशा वेळी छातीठोक सांगत. आज त्यांना सांगता आलं नाही.

“पाह्यलं पाह्यजे,” ते म्हणाले. “रोज.”

मनगटावर साडेअकरा झाले होते. गाव मोटारसायकलवर अर्ध्या तासावर. तिथून हर्षल फाट्यावर जायला साडेबारालाच निघणार. दौलतरावांनी विहिरीवर हात धुतले, टोपी घातली, मायला वाकून नमस्कार केला आणि लगबगीनं फाटकापर्यंत गेले. पायात चपला सरकवल्या.

आणि तिथंच उभे राहिले.

“आता काय झालं?” मायनं विचारलं.

“माय... वर्ष झालं.”

“हाव.”

“एकदम जाऊन बोलू काय? ‘चुकलो’ म्हणू? ‘जाऊ नको’ म्हणू? काई मनातल्या मनात जुळवून पाह्यतो, तं शब्दच येत नाई जिभेवर. ते पोरगं समोर येईन, माह्या तोंडाकडं पाहीन, आन मी पुन्हा भिंतीकडं पाहीन. मले माहीत हाय ना माहा सोभाव.”

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी घाईनं रुमाल काढला. “ऑपरेशन झालं तवापासून येते,” ते म्हणाले. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं, पाणी दोन्हीतून येत होतं.

 मायनं बादलीतलं उरलेलं पाणी तांब्यात ओतलं. वाफ्यात आता लख्ख ऊन पडलं होतं. ती वांग्यांकडं वळली.

“माय, सांग ना. पयलं काय बोलू?”

“जेवला काय, विचार.”